खिडकीतला बिऱ्हाडकरू

होळी पेटली की नागपुरात माणसं एकमेकांना तीन प्रश्न विचारू लागतात. काढला का? लावला का? गवत बदललं का? तिन्ही प्रश्नांत नाव कुणाचंच नसतं, तरी पानठेल्यावर उभ्या असलेल्या कुणालाही ‘कुणाबद्दल चाललंय?’ असं विचारावं लागत नाही. विदर्भात कूलर वस्तूंमध्ये मोडत नाही. फ्रीज वस्तू आहे, टीव्ही वस्तू आहे. कूलर येतो, बसतो, कुरकुरतो, रुसतो आणि मृगाच्या सरी आल्या की जातो. त्याच्याविषयी बोलताना घरातल्या एखाद्या कमावत्या पण तापट माणसाविषयी बोलावं तसा सूर लागतो.

दिसायला तो देखणा नाही. पत्र्याची चौकोनी पेटी, रंग राखाडी नाहीतर बदामी, तोही जागोजागी उडालेला. तळाला टाकी, तिच्यात साठ-सत्तर लिटर पाणी मावतं. कोपऱ्यात मुठीएवढा टिल्लू पंप. मधोमध अठरा इंची एक्झॉस्ट पंखा, जो मुळात कारखान्यातली हवा बाहेर फेकायला जन्माला आला आणि इथं येऊन हवा आत फेकायला लागला. तीन बाजूंना तीन दारं, त्या दारांत जाळीच्या आड दाबून बसवलेलं गवत, म्हणजे लाकडाच्या बारीक कुरळ्या ढलप्या. चौथ्या बाजूला तोंड, आणि तोंडाला वर-खाली होणाऱ्या पट्ट्या, ज्यांतली एक तरी तुटलेली असते.

तो राहतो खिडकीत. भिंतीत ठोकलेल्या लोखंडी अँगलवर धड उन्हात, तोंड तेवढं खोलीत. घरात असून घरात नसलेला हा बिऱ्हाडकरू. रेल्वेनं नागपुरात शिरताना घरांच्या मागच्या बाजू दिसतात, तेव्हा याच्या पाठी ओळीनं दिसत जातात. गंजलेल्या, पांढरे ओघळ उतरलेल्या, कुठं वरून पोत्याचा आडोसा बांधलेल्या. शहर पुढून कितीही रंगलं तरी मे महिन्यात ते कशाच्या जिवावर झोपतं हे मागूनच कळतं.

त्याला बाहेर काढणं हा रविवारचा कार्यक्रम असतो. आठ महिने तो सज्ज्यावर, जुन्या चादरीखाली पडून असतो. दार उघडलं की आत कबुतरानं जमवलेल्या काड्या, मागच्या वर्षीचं वाळून कडक झालेलं गवत आणि टाकीच्या तळाशी पांढरट थर. पाणी हवेत उडून जातं, पण पाण्यातले क्षार कुठं जाणार? ते गवतावर आणि पत्र्यावर बसतात. घरी बोअरचं पाणी असेल तर एका उन्हाळ्यातच गवत इतकं कडक होतं की हातात मोडतं, आणि त्यातून हवा जायला तयार होत नाही. म्हणून गवत दरवर्षी नवं लागतं, आणि टाकीतलं पाणी नुसतं वरून वाढवत न राहता अधूनमधून पूर्ण काढून टाकावं लागतं. हे दुसरं काम बहुतेक घरांत होत नाही, आणि मग मेच्या मध्यावर ‘यंदा कूलर काही गार करून नाही राहिला’ अशी तक्रार सुरू होते.

टाकीला भोक पडलेलं असतंच. त्यावर एम-सील, आणि एम-सीलवर आतून डांबराचा हात. पंख्याच्या बेअरिंगला तेल. पंखा नुसताच गुणगुणला आणि फिरला नाही तर कंडेन्सर गेला असं समजायचं. (अशा वेळी पात्याला काठीनं ढोसून पंखा सुरू करून देणारे बहाद्दर प्रत्येक मोहल्ल्यात आहेत; त्यांच्या नादी लागू नये.) पण या सगळ्या तयारीतलं खरं नाजूक काम वेगळंच असतं, आणि ते कुठला मेकॅनिक करत नाही. गवताच्या वरच्या बाजूला ज्या नळ्या असतात त्यांना ओळीनं बारीक भोकं पाडलेली असतात. पंपानं वर चढवलेलं पाणी त्या भोकांतून गवतावर सारखं ठिबकलं पाहिजे. एखादं भोक बुजलं की त्याच्याखालचा गवताचा पट्टा कोरडा राहतो, आणि पंखा हवा ओढतो ती जास्तीत जास्त त्या कोरड्या पट्ट्यातूनच, कारण भिजून फुगलेल्या गवतापेक्षा तिथून वाट सोपी. चार बोटं रुंदीचा कोरडा पट्टा अख्ख्या खोलीची रात्र बिघडवू शकतो.

म्हणून खराट्याची काडी घेऊन एकेक भोक टोचत बसणारा माणूस घरोघरी असतो. आमच्याकडे हे काम आबाजींचं. चष्मा कपाळावर चढवलेला, काडी दातांत धरलेली, धोतराचा सोगा खोचलेला. ‘सोड आता,’ असं म्हणाले की आतून कुणीतरी पंपाचं बटण दाबायचं. पाइपातून आधी हवा फुरफुरायची, मग गढूळ पाणी, मग धारा. आबाजी त्या धारांकडे मिनिटभर बघत राहायचे आणि निकाल द्यायचे, ‘डावीकडची तिसरी लंगडून राहिली. बंद कर.’ पुन्हा काडी, पुन्हा पंप. सगळ्या धारा एका लयीत येईपर्यंत त्यांना कुणी जेवायला हाक मारत नसे.

पहिल्या दिवशी तो निराशाच करतो. टाकी उन्हात तापलेली, गवत आतपर्यंत भिजलेलं नाही, त्यामुळे तोंडातून येते ती दमट, धुळकट झुळूक. पोरं समोर उड्या मारून हिरमुसतात. तासाभरानं ओल्या लाकडाचा वास खोलीभर पसरतो आणि हवेचा पोत बदलतो. काही घरांत टाकीत वाळ्याची जुडी सोडतात. त्या वासानं हवा आणखी गार होते असं ठासून सांगणारे लोक मला भेटले आहेत. थर्मामीटर त्यांच्या बाजूनं बोलत नाही, पण झोप त्यांना लवकर लागते हे खरं.

आता त्याच्या सामर्थ्याविषयी. नागपुरात मेमध्ये पारा ४५ वर जाणं ही बातमी होत नाही. २०१३ च्या मेमध्ये तो ४७.९ अंशांपर्यंत गेला होता. २०२४ च्या मेअखेरीस तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं चक्क ५६ अंश दाखवले. संवेदक बिघडला होता असं हवामान खात्यानं मागाहून सांगितलं, पण तोवर त्या आकड्यावर विश्वास ठेवायला इथं कुणाला फारसं जड गेलं नव्हतं. अशा दिवशी छताचा पंखा काय करतो? स्लॅबखाली साचलेली तापलेली हवा अंगावर फिरवतो. अंगापेक्षा गरम हवा जितक्या जोरात लागेल तितका माणूस अधिक तापतो.

कूलरची गंमत अशी की हाच कोरडा वणवा त्याचं भांडवल आहे. बाहेर ४४ अंश तापमान आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल, तर नुसतं पाणी उडवून ती हवा कागदोपत्री २३ अंशांपर्यंत उतरवता येते. गवत चांगलं असेल, धारा लंगडत नसतील, तर प्रत्यक्षात तोंडातून २७-२८ अंशांचा वारा येतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता लागते, आणि पाणी ती गवतातून जाणाऱ्या हवेकडूनच वसूल करतं. तासाला पाच-सव्वापाच लिटर पाणी उडालं, की एक टनाचा एसी जेवढी उष्णता ओढतो तेवढी ओढली गेली. पंखा आणि पंप मिळून विजेचा खर्च मात्र दीडशे-दोनशे वॅट. ऊन जितकं कडक, हवा जितकी कोरडी, तितका हा पठ्ठ्या जोरात. संकट वाढेल तसा खुलणारा असा दुसरा गडी आमच्या घरात नव्हता.

त्याची अट एकच. समोरचं दार किंवा खिडकी उघडी हवी. ही अट बाहेरगावच्या पाहुण्यांना काही केल्या उमगत नाही. आमच्या पुण्याच्या मामी दर उन्हाळ्यात आल्या आल्या उठून दार लोटायच्या. ‘अहो, सगळी गार हवा बाहेर चाललीये!’

‘जाऊ द्या ना मामी,’ आई स्वयंपाकघरातून ओरडायची. ‘ती गेली नाही, तर नवी येईन कुठून?’

मामींना ते पटायचं नाही. पण दार लोटून अर्धा तास झाला की चादर दमट व्हायची, मानेखाली चिकचिक सुरू व्हायची आणि त्याच मामी पदरानं वारा घेत दार उघडायला उठायच्या. कूलर हवा नुसती गार करत नाही, ओलीही करतो. ती ओली हवा पुढं सरकली नाही तर खोलीतच साचते, मग अंगाचा घाम सुकत नाही आणि कूलरसमोर बसूनही उकडतं.

त्याचं घराणं जुनं आहे. वाळ्याच्या मुळांच्या ताट्या दारांत टांगून त्यांच्यावर पाणी मारायचं, ही त्याच्या पणजोबांची रीत. अकबराच्या काळातल्या अशा ताट्यांचा उल्लेख अबुल फजलनं ‘ऐन-इ-अकबरी’त केला आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या साहेबलोकांनी लाकडी पेटीत हातानं फिरवायचा पंखा बसवला, पेटीला ओला वाळा लावला आणि त्याला थर्मँटिडोट असं भारदस्त नाव दिलं. पंखा फिरवायला अर्थातच नोकर. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात १९३० च्या दशकात लोकांनी लाकडाच्या ढलप्या आणि विजेचा पंखा यांची जोडी लावली, ती याची चुलत शाखा. आमच्याकडे कवेलूंच्या घरात दारावर वाळ्याची ताटी असायची, दुपारी कुणीतरी तिच्यावर तांब्यानं पाणी मारायचं, आणि रात्री सगळ्या बाजा अंगणात. घरं स्लॅबची झाली, अंगणं गेली. दिवसभर तापलेली स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून तिथं गाद्या टाकणारे अजून आहेत, पण डास, शेजारच्या उंच इमारती आणि चोरांची भीती यांनी बहुतेकांना खाली आणलं. खाली आणलं ते कूलरच्या भरवशावर.

झोपायची वेळ ही त्याची खरी वेळ. दिवसा तो एखाद्या खोलीत कुणाची तरी दुपार सांभाळत असतो, रात्री मात्र सगळं घर त्याच्या दारी येतं. जेवणं उरकली की फरशीवर ओला पोचा फिरतो, कापसाच्या गाद्यांना सुट्टी मिळते, कारण त्या अंगाची ऊब धरून ठेवतात. सतरंजी, तिच्यावर धुतलेली सुती चादर, उशाशी पाण्याचा गडू. मग जागांची वाटणी. तोंडासमोरची जागा मानाची. जवाईबापू आलेले असतील तर ती त्यांची, त्यात वाद नाही. एरवी बाबांची. पोरं दुसऱ्या रांगेत, आणि तिथं भांडण पट्ट्यांचं. एकानं पट्टी खाली केली की दुसऱ्याच्या डोक्यावरून वारा जातो. रात्री दहाला ठरलेला पट्ट्यांचा कोन अकरापर्यंत कुणीतरी हळूच बदललेला असतो. आबाजी भिंतीकडेला, वाऱ्याच्या वाटेबाहेर, कारण सरळ वाऱ्यानं हाडं धरतात. आईची जागा दाराशी. तिथं वारा पोचतो तो सगळ्यांच्या अंगावरून जाऊन, कोमट होऊन. या वाटणीबद्दल आम्ही कुणी कधी काही विचारलं नाही.

आणि त्याचा आवाज. तीन नंबरवर पंखा लावला की जी घरघर सुरू होते तिच्यात टीव्हीच्या बातम्या, फोनची घंटी, शेजारचं भांडण सगळं बुडून जातं. बोलायचं तर ओरडूनच. मुंबईचा माणूस पहिल्या रात्री कानावर उशी घेतो, तिसऱ्या रात्री त्याला त्या आवाजाशिवाय झोप येत नाही. घरघरीच्या खाली धारांचं ठिबकणं ऐकू येतं. ते ऐकू आलं म्हणजे पाणी आहे, आणि पाणी आहे म्हणजे निदान आता उठावं लागणार नाही. ठिबक थांबून पंप कोरडा कुरकुरू लागला तर लगेच उठायचं, नाहीतर पंप जळतो. भारनियमनाच्या वर्षांत वीज गेली की अंधारानं कुणाला जाग येत नसे, कारण अंधार आधीच होता. जाग यायची ती घरघर थांबल्यामुळे. एका क्षणात सगळं घर उठून बसायचं, आणि मग गल्लीभर दारं उघडल्याचे आवाज.

रात्री तीनच्या सुमाराला नवंच प्रकरण सुरू होतं. बाहेरची हवा एव्हाना ३२ अंशांवर आलेली असते, आणि त्या हिशोबानं कूलरचा वारा २२-२३ वर. दहा वाजता उघड्या अंगानं पडलेला माणूस आता गुडघे पोटाशी घेतो. चादर ओढली तर शेजारचा ती परत ओढतो. तेव्हा अंधारातून एक आवाज येतो.

‘पंप बंद कर रे कोणी.’

कुणी उठत नाही. सगळे जागे असतात, सगळ्यांना थंडी वाजत असते, आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या उठण्याची वाट पाहत घट्ट डोळे मिटून पडलेला असतो. पुन्हा आवाज येतो, या वेळी नाव घेऊन. मग ज्याचं नाव घेतलं तो पायानं चाचपडत बोर्डापर्यंत जातो आणि पंपाचं बटण बंद करतो. पंखा चालूच. पंप बंद, पंखा सुरू, ही कूलरवाल्या घरांची सगळ्यात मोठी विद्या. भिजलेलं गवत आणखी काही वेळ गारवा देत राहतं, पण आधीच्या धारेची बोच नसते, आणि ते सुकेपर्यंत पहाट जवळ आलेली असते. एसीच्या रिमोटवर २४ चं २६ करण्यापेक्षा हे कसब मला वरच्या दर्जाचं वाटतं. इथं माणसाला गवत, पाणी, रात्र आणि बाबांचा स्वभाव या सगळ्यांचा अंदाज ठेवावा लागतो.

बिऱ्हाडकरू तहानलेला आहे, हे मात्र लपवण्यात अर्थ नाही. रात्रीचे आठ तास चालला तर तीस-चाळीस लिटर पाणी पितो, दुपारचीही पाळी केली तर त्याहून कितीतरी जास्त. ज्या घरात नळाला पाइप लावून टाकी भरता येते तिथं हा हिशोब कुणी करत नाही. जिथं नळ तासभर येतो, किंवा टँकर येतो, किंवा डोक्यावरून पाण्याचा गुंड आणावा लागतो, तिथं पाणी प्यायचं की कूलरला घालायचं हा रोजचा प्रश्न आहे. आणि ‘कूलर भरला का?’ हे बहुतेक घरांत बाईलाच विचारलं जातं. संध्याकाळी बादल्या ओतणारी ती, कोमट वाऱ्यात दाराशी झोपणारीही ती. कूलरचं कौतुक करणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे कौतुकाच्या आधी सांगायला हवं.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. हा गडी मारतोही. विदर्भातल्या वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी येते, बऱ्याचदा पाणी भरताना. पत्र्याचं अंग, पोटात पाणी आणि वीज शेजारी शेजारी, उंदरानं कुरतडलेली वायर, नावापुरतं किंवा नसलेलंच अर्थिंग, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून एका हातानं टाकीचं पाणी तपासणारा माणूस. महावितरण दर वर्षी सांगतं की तीन पिनांचाच प्लग लावा, अर्थिंग तपासून घ्या, गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर बसवा, पाणी भरताना आधी वीज बंद करा. माझं त्यात एक जोडणं आहे. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. जुन्या घरांत बटणावर फेज तुटते की न्यूट्रल, हे वायरिंग करणाऱ्यालाच ठाऊक, आणि तो कधीच गाव सोडून गेलेला असतो. लहान मुलांना पट्ट्यांशी खेळू देणाऱ्या घरात हे जरा मोठ्यानं सांगावं.

घराबाहेरही त्याचा संसार मोठा आहे. मेमधल्या लग्नांत लॉनवर पुरुषभर उंचीचे जम्बो कूलर भाड्यानं येतात, आणि पंगतीत त्यांच्यासमोरच्या खुर्च्या आहेर देणाऱ्यांच्या आधी भरतात. महाराजबागेतल्या प्राणिसंग्रहालयात वाघ-बिबट्यांच्या पिंजऱ्यांना उन्हाळ्यात कूलर लागतात, त्याचे फोटो पेपरात येतात. खोली करून राहणारी पोरं वर्गणी काढून एक जुना कूलर घेतात आणि परीक्षा संपली की पुढच्या तुकडीला विकतात. किती हातांतून गेला हे त्याच्यावरच्या रंगांचे थर मोजून कळतं.

पण त्याला त्याच्या मुलखाबाहेर नेऊ नये. ठाण्याला बदली झालेल्या एका ओळखीच्या कुटुंबानं तो ट्रकातून सामानाबरोबर नेला होता. मुंबईकडची मेमधली हवा ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता अशी असली, तर पाणी उडवून ती जास्तीत जास्त साडेचार अंशांनी उतरेल, प्रत्यक्षात साडेतीन. त्याच्या बदल्यात खोलीत आणखी ओल. चार दिवसांत उशांना वास यायला लागला, आणि इकडे ज्याच्यासाठी भांडणं होत त्याच्यावर तिकडे कुंड्या ठेवल्या गेल्या. दोष त्याचा नव्हता. ज्या हवेत आधीच पाणी भरलेलं आहे तिला हा काय देणार?

एसीशी त्याची तुलना लोक करतात ती बहुतेक पैशांवरून. माझा ओढा कूलरकडे आहे, आणि तो केवळ विजेच्या बिलामुळे नाही. एसी एका खोलीला गार करतो, दार लावून घेतो आणि खोलीतली उष्णता गल्लीत टाकतो. कूलर गल्लीतली हवा घेतो, भिजवतो, घरातून फिरवून पुन्हा गल्लीत सोडतो. त्याला उघडी दारं लागतात, त्यामुळे ज्या घरात कूलर चालतो तिथं काय शिजतंय आणि कोण कुणावर चिडलंय हे जिन्यात कळतं. ज्यांना हे नको असेल त्यांनी एसी घ्यावा. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली आजारी म्हातारं माणूस असेल तर घ्यावाच, तिथं गवताच्या गप्पा मारू नयेत. प्लास्टिकच्या अंगाचे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असलेले नवे कूलरही आता आले आहेत. ते गंजत नाहीत, शॉकची भीती पुष्कळ कमी, चाकांवर इकडून तिकडे जातात. फक्त लोक त्यांना खोलीच्या कोपऱ्यात ठेवतात आणि आतलीच ओली हवा पुन्हापुन्हा फिरवतात. कूलरची पाठ बाहेरच हवी, मग तो पत्र्याचा असो की प्लास्टिकचा.

२५ मेच्या आसपास सूर्य रोहिणीत जातो आणि नवतपा लागतो. हे नऊ दिवस त्याच्या कारकिर्दीचा कळस. यानंतर एखाद्या संध्याकाळी ढग येतात, चार थेंब पडतात, मातीचा वास येतो आणि सगळे आनंदतात. तो मात्र त्याच रात्रीपासून उतरणीला लागतो. उमस वाढते, गवतातून जाणारी हवा आधीच ओली असते. ‘चिकट हवा फेकून राहिला,’ असं ज्या तोंडांनी म्हटलं जातं त्यांनीच पंधरा दिवसांपूर्वी त्याची तारीफ केलेली असते. मग पंप बंद ठेवून नुसता पंखा चालतो, मग तोही बंद.

याच दिवसांत त्याला काढायला आळस केला जातो, आणि तो आळस महागात पडतो. टाकीत उरलेलं तळाचं पाणी डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस डासाला फार आवडतं. अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून महापालिकेचे कर्मचारी पावसाळ्यात घरोघर फिरून कूलर तपासतात आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून सांगतात. पाणी नुसतं ओतून दिल्यानंही काम होत नाही. अंडी पाण्याच्या पातळीजवळ पत्र्याला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात. टाकी ब्रशनं घासायची, जुनं गवत काढून फेकायचं, आणि मग उन्हात उलटी घालायची. ऊन मिळेल तेव्हा.

गेल्या जुलैत आमचा खाली उतरवला तेव्हा टाकीचा तळ एका कोपऱ्यात बोटानं दाबला तर आत जात होता. डांबर, एम-सील, पुन्हा डांबर, असे थर चढवून आम्ही काय वाचवत होतो ते त्या दिवशी दिसलं. मेकॅनिक आला, उकिडवा बसला, पात्याला बोटानं एक टिचकी मारली. पंखा बराच वेळ आवाज न करता फिरत राहिला.

‘काकाजी, पत्रा गेला याचा. पण पंखा कुठचा आहे म्हणून राहिले तुम्ही? तांब्याची वाइंडिंग आहे यात. आता ॲल्युमिनियमची येते, दोन उन्हाळे टिकली तर नशीब.’

भंगारवाला पंख्यासकट किती देईल ते आम्ही आधीच विचारून ठेवलं होतं. आकडा ऐकून मेकॅनिक हसला.

‘देऊ नका त्याले. बॉडी बदलवा, पंखा हाच ठेवा. अन् मार्चमधे नका येऊ, तेव्हा मी फोन उचलत नाही. दिवाळी झाली की या, अर्ध्या पैशात करून देतो.’

त्यानं पंखा खोलला, पोत्यात गुंडाळला आणि पोत्यावर खडूनं आमचं आडनाव चुकीचं लिहिलं.